९७ टक्के, ०.९३ आणि ०.४२: तिघांत खरं कोण?

कळव्याला राहणाऱ्या आणि नवी मुंबईत बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: गाइडने कॅन्सरशी संबंधित एक प्रोटीन दिलंय. त्याच्या पुल-डाउनमधून, म्हणजे त्या प्रोटीनाला गळ बनवून सोबत ओढली जाणारी प्रोटीनं ओळखायच्या प्रयोगातून, चाळीसेक प्रोटीनांची यादी आली. त्यातल्या एका जोडीबद्दल तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. कोड शेअर करायच्या गिटहब साइटवरून उतरवलेलं डीप लर्निंगचं मॉडेल म्हणतं, इंटरॅक्शन आहे, म्हणजे दोघं एकमेकांना चिकटतात, आणि त्या मॉडेलची अचूकता ९७ टक्के असल्याचं लिहिलंय. प्रोटीनांमधले संबंध नोंदवणाऱ्या स्ट्रिंग डेटाबेसमध्ये त्याच जोडीचा स्कोअर ०.९३ आहे. प्रोटीनांची रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डचा आयपीटीएम (दोन प्रोटीनांच्या एकत्र मांडणीवरचा त्याचा भरवसा, ० ते १) मात्र ०.४२ येतो, म्हणजे जवळजवळ नापास. कॉलेजात अशी मॉडेलं चालवायला लागणारी जीपीयू चिप नाही आणि प्रयोगशाळेत तपासायला दोन-तीनच जोड्या मिळणार आहेत. मग कोणाचं ऐकायचं?

एकेरीत लिहिते, चालेल ना? महापेच्या एका औषध संशोधन कंपनीत मी रोज हेच काम करते, आणि नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात हाच प्रश्न घेऊन येतात. माझं उत्तर असं की हे तिघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतच नाहीयेत. तू तिघांना एकच प्रश्न विचारलास असं तुला वाटतंय, पण प्रत्येकाने आपल्याला जमेल त्याच प्रश्नाचं उत्तर दिलंय. मॉडेलने सांगितलं, ‘ही जोडी माझ्या ट्रेनिंगमधल्या होकारी जोड्यांसारखी दिसते.’ स्ट्रिंगने सांगितलं, ‘ही दोघं पेशीच्या एकाच कामात असावीत.’ अल्फाफोल्डने सांगितलं, ‘तुम्ही दिलेल्या या दोन प्रोटीन-साखळ्या एकमेकींना लागून कशा बसतात, ते मला खात्रीने मांडता येत नाही.’ ही दोन प्रोटीनं पेशीत एकमेकांना प्रत्यक्ष चिकटतात का, हा तुझा खरा प्रश्न. त्याला तिघांपैकी कोणीही थेट हात घातलेला नाही.

आधी त्या ९७ टक्क्यांचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथंच होते.

अशा मॉडेलांचा डेटा कसा बनतो ते पाहा. होकारी जोड्या बायोग्रिड, इंटॅक्ट यांसारख्या डेटाबेसमधून घेतात. नकारी जोड्या मात्र कुठेच तयार मिळत नाहीत, कारण ‘आम्ही तपासलं आणि चिकटलं नाही’ असं फारसं कोणी छापत नाही. मग कुठलीही दोन प्रोटीनं उचलून जोडी लावतात, किंवा एक केंद्रकातलं आणि एक मायटोकाँड्रियातलं घेऊन ‘ही भेटणारच नाहीत’ असं धरून चालतात. होकारी आणि नकारी निम्मे-निम्मे ठेवतात, सगळी पानं पिसतात आणि वीस टक्के चाचणीसाठी बाजूला काढतात. इथंच गळती होते. कॅन्सर रोखणारं पी५३सारखं गाजलेलं प्रोटीन शेकडो होकारी जोड्यांत येतं. ट्रेनिंगमध्ये ते असतं, चाचणीतही असतं. मॉडेल एवढंच शिकतं की पी५३ दिसलं की ‘होय’ म्हणायचं. त्याला पृष्ठभाग, विद्युतभार, खाचा यांपैकी काही कळायची गरजच पडत नाही. स्थान बघून निवडलेल्या नकारी जोड्यांत तर मॉडेल पेशीतला पत्ता ओळखायला शिकतं आणि त्यालाच आपण इंटरॅक्शन म्हणतो.

ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. २०१२ मध्ये पार्क आणि मार्कॉट यांनी दाखवलं की चाचणीतल्या जोड्यांचे तीन गट पाडायला हवेत: दोन्ही प्रोटीनं ट्रेनिंगमध्ये पाहिलेली, एकच पाहिलेलं आणि दोन्ही अनोळखी. तिसऱ्या गटात आकडे घसरतात. २०२४ मध्ये म्युनिकच्या एका गटाने नावाजलेली डीप लर्निंग मॉडेलं गळती बंद करून पुन्हा चालवली, तेव्हा निव्वळ सिक्वेन्सवर (प्रोटीनातल्या अमिनो आम्लांच्या क्रमावर) चालणाऱ्यांची कामगिरी नाणेफेकीच्या आसपास आली. तरी ९५-९७ टक्क्यांचे पेपर येतच असतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येताना असा एखादा वाचायला घेतला, की मी आधी डेटा कसा विभागलाय तो परिच्छेद शोधते. तो सापडला नाही, तर ऐरोली यायच्या आत पेपर बंद.

तुझ्या मॉडेलची परीक्षा तू घरच्या लॅपटॉपवरसुद्धा घेऊ शकतोस. प्रत्येक प्रोटीनला दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोटीनचा सिक्वेन्स दे, पण सगळीकडे तोच आणि तसाच. जोड्या त्याच ठेव आणि पुन्हा ट्रेन कर. अचूकता जागची हलली नाही, तर मॉडेल सिक्वेन्समधलं जीवशास्त्र वाचत नव्हतं, कोणाच्या किती जोड्या आहेत तेवढंच मोजत होतं. दुसरं म्हणजे सीडी-हिट या गट पाडणाऱ्या प्रोग्रॅमने ४० टक्के साम्यावर प्रोटीनांचे गट कर आणि एक गट एकतर ट्रेनिंगमध्ये राहील किंवा चाचणीत, दोन्हीकडे नाही, असा विभाग. या दोन चाचण्यांत टिकलेलं मॉडेल हातात आलं तर जपून ठेव, कारण तशी थोडीच असतात.

समज, मॉडेल खरोखरच ९७ टक्क्यांचं आहे. तरी हिशेब कर. माणसात प्रोटीन बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत, म्हणजे जोड्या झाल्या जवळपास २० कोटी. हिशेबापुरतं धरू की हजारात एक जोडी खरी, म्हणजे २ लाख. ९७ टक्के पकडणारं मॉडेल त्यातल्या १ लाख ९४ हजार पकडेल. उरलेल्या जोड्यांत ते ३ टक्के वेळा चुकून ‘होय’ म्हणेल, आणि हे चुकीचे ‘होय’ भरतात साधारण ६० लाख! म्हणजे मॉडेलने शंभरदा ‘होय’ म्हटलं, तर त्यातले तीनेक खरे. तुलनेला सांगते: २०२० मध्ये आलेल्या ह्युरी नकाशासाठी सुमारे १७,५०० मानवी जनुकांची प्रोटीनं यीस्टमध्ये जोडीजोडीने तपासली गेली आणि हाती लागल्या सुमारे ५३,००० जोड्या. निम्मे-निम्मे ठेवलेल्या डेटावरच्या ९७ टक्क्यांतून या प्रमाणाचा काहीच अंदाज येत नाही. म्हणून अचूकता विचारू नकोस, प्रिसिजन-रिकॉलचा (‘होय’ म्हटलेल्यांत खरे किती आणि खऱ्यांतले पकडले किती) आलेख माग, आणि तोही एकास निदान शंभर नकारी ठेवून काढलेला.

तुझी परिस्थिती मात्र एका बाबतीत बरी आहे. तू २० कोटींतून शोधत नाहीयेस. तुझ्याकडे पुल-डाउनमधून आलेली चाळीसेक नावं आहेत, त्यामुळे सुरुवातीचीच शक्यता कितीतरी जास्त. अर्थात ती यादी आधी झाडून घ्यायला हवी. केराटिन दिसलं तर ते बहुतेक प्रयोग करणाऱ्याच्या त्वचेतून नाही तर केसांतून आलंय. हीट शॉक प्रोटीनं, ट्युब्युलिन, ॲक्टिन, रायबोसोमची प्रोटीनं ही मंडळी जवळजवळ प्रत्येक पुल-डाउनला हजेरी लावतात. क्रापोम नावाचा डेटाबेस याच न बोलावलेल्या पाहुण्यांची नोंद ठेवतो. तिथं प्रत्येक नाव टाकून बघ. नुसत्या बीड्सचा, म्हणजे गळाला प्रोटीन न लावता केलेला, कंट्रोल घेतला होता का, तेही गाइडना विचार. चाळिसातली पंधरा-वीस नावं इथंच गळाली तर नवल वाटून घेऊ नकोस, आणि त्यासाठी एकही जीपीयू लागत नाही.

आता स्ट्रिंगचे ०.९३. हा आकडा दोन प्रोटीनं किती घट्ट चिकटतात याचा नाही. ही दोघं एकाच जैविक वाटेवर काम करतात असं म्हणणं कितपत खरं असेल, याचा तो अंदाज आहे. त्यात बऱ्याच वेगवेगळ्या पुराव्यांची बेरीज असते: प्रत्यक्ष प्रयोग, हाताने तयार केलेले डेटाबेस, जनुकांचा शेजार, जनुकांचं एकत्रीकरण, कोणत्या सजीवात दोघं एकदम हजर किंवा एकदम गैरहजर, एकत्र व्यक्त होणं (एकाच वेळी सक्रिय असणं) आणि शोधनिबंधांत नावं एकत्र येणं. शेवटच्या दोघांपासून सांभाळ. ठाणे स्टेशनवर रोज ८.१२ ला दोन माणसं एकाच प्लॅटफॉर्मवर दिसतात म्हणून त्यांची ओळख आहे असं होत नाही. एकत्र व्यक्त होणाऱ्या जनुकांचंही तेवढंच. आणि कॅन्सरमध्ये गाजलेली दोन नावं एकाच निबंधाच्या सारांशात येण्यासाठी त्यांना एकमेकांना शिवायची गरज नसते.

तेव्हा त्या दोघांना जोडणाऱ्या रेघेवर क्लिक कर आणि ०.९३ कुठून आलेत ते बघ. वर सेटिंगमध्ये फक्त भौतिक इंटरॅक्शनचं जाळं निवडायची सोय आहे, ती लाव. रेघ टिकली तर ती कुठल्या प्रयोगावर टिकली, ते मूळ निबंधात जाऊन वाच. गायब झाली तर ०.९३ हे बरोबरच आहेत, फक्त ते तुझ्या प्रश्नाचे नाहीत. जनुकांच्या एकत्रीकरणाचा पुरावा मला वैयक्तिकरीत्या फार आवडतो. ई. कोलायमध्ये गायरेज ए आणि गायरेज बी ही दोन वेगळी प्रोटीनं आहेत, तर यीस्टच्या टोपोआयसोमरेज २ मध्ये दोघांचे भाग एकाच साखळीत आहेत. दुसऱ्या सजीवात जे एकाच साखळीत सापडतं ते इथं एकत्र काम करत असावं, हा तर्क १९९९ मध्ये मांडला गेला. सुंदर आहे, पण जिवाणूंत जास्त चालतो. माणसाच्या प्रोटीनांत त्याचा उपयोग मर्यादित.

राहिला अल्फाफोल्ड. इथं जरा थांबू, कारण ०.४२ बघून तू जोडी फेकून देण्याच्या बेतात आहेस आणि ते घाईचं होईल.

अल्फाफोल्डला ‘ही दोघं चिकटतात का’ असं कोणी विचारत नाही. दोन साखळ्या दिल्या की तो त्यांची एकत्र रचना मांडतोच, चिकटत नसल्या तरी. स्वतःच्या मांडणीवर त्याचा किती भरवसा आहे ते आयपीटीएम सांगतो. ०.८ च्या वर असेल तर मांडणी बहुधा चांगली, ०.६ च्या खाली बहुधा फसलेली, आणि मधला पट्टा धूसर. पण हा आकडा सगळ्या साखळीवर काढलेला असतो. तू युनिप्रॉट या प्रोटीनांच्या डेटाबेसमधून दोन्ही प्रोटीनं पूर्ण लांबीची उचललीस ना? बहुतेक जण तसंच करतात. माणसाच्या कितीतरी प्रोटीनांत लांबच लांब भागांना ठरावीक घडीच नसते. ते सुटे भाग आयपीटीएम खाली ओढतात, मधे कुठे तरी वीस-पंचवीस अमिनो आम्लांचा खरा सांधा नीट बसलेला असला तरी.

पी५३ आणि त्याला आवर घालणारं एमडीएम२, ही जोडी घे. पी५३ ची लांबी ३९३ अमिनो आम्लं, एमडीएम२ ची ४९१. १९९६ मध्ये त्यांची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या संग्रहातला क्रमांक १वायसीआर. तिच्यात पूर्ण प्रोटीनं नाहीतच. एमडीएम२ च्या सुरुवातीचा १०९ अमिनो आम्लांचा तुकडा आहे आणि पी५३ चा अवघा १५ चा. पी५३ चा हा भाग एरवी सैल, घडी नसलेला. एमडीएम२ च्या खाचेत शिरताना तो हेलिक्सचा, म्हणजे मळसूत्राचा, आकार घेतो आणि फेनिलॲलानिन १९, ट्रिप्टोफॅन २३ आणि ल्युसिन २६ या तिघांच्या बाजूच्या साखळ्या खाचेत खोल जाऊन बसतात. २००४ मध्ये आलेल्या नटलिन या रेणूंनी नेमक्या याच तीन जागा अडवल्या. एवढी महत्त्वाची इंटरॅक्शन आणि सांध्याची मुख्य भिस्त तीन अमिनो आम्लांवर. ८८४ अमिनो आम्लांच्या सरासरीत हे तिघं कुठे हरवतील, तूच बघ.

म्हणून आकडा बाजूला ठेव आणि अल्फाफोल्डने दिलेला पीएईचा (कोणता भाग कुठे आहे यातल्या अंदाजित चुकीचा) चौकोनी नकाशा उघड. त्यात तिरक्या रेषेवरचे दोन मोठे चौकोन म्हणजे प्रत्येक प्रोटीन स्वतःपुरतं. तुला बघायचेत ते उरलेले दोन, एक साखळी दुसरीच्या तुलनेत कुठे आहे ते सांगणारे. तिथं सगळीकडे चूक जास्तच दाखवत असेल, तर अल्फाफोल्डकडे सांगण्यासारखं काही नाही. पण कमी चुकीचा एखादा छोटा पट्टा दिसत असेल, तर तो कितव्यापासून कितव्या अमिनो आम्लापर्यंत आहे ते लिहून घे आणि दोन्ही बाजूंचे तेवढेच भाग, आजूबाजूचा थोडा मार्जिन ठेवून, पुन्हा चालव. तुकड्यांवर आयपीटीएम वर गेला, वेगवेगळ्या सीडवर (सुरुवातीला द्यायच्या यादृच्छिक आकड्यांवर) तोच सांधा पुन्हा पुन्हा आला आणि त्या भागाच्या रचनेवरचा भरवसा, म्हणजे पीएलडीडीटी, हाही सुधारला, तर जोडी यादीत वर घे. दर सीडला साखळी वेगळ्याच जागी जाऊन बसत असेल, तर एखाद्या मॉडेलचा आकडा कितीही गोड असला तरी मी त्याच्या मागे लागत नाही. पूर्ण लांबीमुळे होणारी ही गडबड टाळायला २०२५ मध्ये रोलँड डनब्रॅक यांनी आयपीएसएई नावाचा वेगळा स्कोअर मांडला. तो फक्त भरवशाचा पीएई असलेल्या अमिनो आम्लांच्या जोड्याच मोजतो. स्क्रिप्ट साधी आहे, लॅपटॉपवर चालते.

उलट्या बाजूनेही सावध राहा. पी५३-एमडीएम२ वर अल्फाफोल्ड चालवून ‘बघा, बरोबर आलं’ म्हणण्यात अर्थ नाही, ती रचना त्याने ट्रेनिंगमध्ये पाहिलेली आहे. अल्फाफोल्ड ३ ने सप्टेंबर २०२१ पर्यंतच्या पीडीबीवर शिक्षण घेतलंय. तुझ्या जोडीची किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकांची रचना त्याआधीची असेल, तर मिळालेला उंच स्कोअर आठवणीतूनही आलेला असू शकतो. एकाच कुटुंबातली भावंडं तर आणखी त्रास देतात. एका भावाशी चिकटणारं प्रोटीन अल्फाफोल्ड दुसऱ्यालाही तितक्याच आनंदाने चिकटवतो. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. दोन प्रोटीनांच्या सांध्यावर एकाने अमिनो आम्ल बदललं की समोरच्यानेही जुळवून घ्यायचं, अशा उत्क्रांतीतल्या जोडबदलांच्या खुणा तो अनेक सजीवांच्या सिक्वेन्समधून उचलतो. जिवाणूंत जोडीदार जनुकं बऱ्याचदा शेजारी असतात, त्यामुळे कोणाची जोडी कोणाशी लावायची ते कळतं. माणसात बऱ्याच जनुकांची मिळतीजुळती भावंडं असतात, त्यामुळे जोड्या चुकतात आणि ती खूण पुसट होते. शिवाय एखादं अमिनो आम्ल बदलून सांधा तुटतो का, हे त्याला विचारू नकोस. पी५३ मधली २२ आणि २३ ही दोन बदलली की एमडीएम२ शी बांधणी तुटते हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे, पण असे एक-दोन बदल ओळखण्यात अल्फाफोल्ड कच्चाच आहे.

जीपीयूची चिंता सोड. अल्फाफोल्ड सर्व्हरवर रोज ठरावीक संख्येत फुकट चालवता येतं, ५,००० टोकनपर्यंत (साधारण एक अमिनो आम्ल म्हणजे एक टोकन), आणि फॉस्फेट लागलेली अमिनो आम्लंही देता येतात. त्याचा उपयोग आहे: पी५३ मधल्या थ्रिओनिन १८ वर फॉस्फेट लागला की एमडीएम२ शी पकड ढिली होते, अशी उदाहरणं कॅन्सरच्या प्रोटीनांत भरपूर. सर्व्हर व्यावसायिक कामाला चालत नाही, त्यामुळे आम्हा कंपनीवाल्यांना तो बंद. आम्ही बोल्ट्झसारखी मुक्त परवान्याची मॉडेलं चालवतो. तुला गूगलच्या कोलॅबवर चालणारं कोलॅबफोल्डही पुरेल. कोलॅबचं फुकट मशीन मधेच तुटतं, म्हणून आधी छोटे तुकडे लाव आणि निकाल ड्राइव्हवर लगेच उतरव. अप्रकाशित सिक्वेन्स बाहेर कुठेही टाकण्याआधी गाइडची परवानगी घे, आणि ती मेलवर लेखी घे.

डॉकिंगबद्दल, म्हणजे दोन तयार रचना संगणकावर एकमेकींना लावून बघण्याबद्दल, विचारलेलं नाहीस, पण कोणीतरी सुचवेलच. हॅडॉक, क्लसप्रो ही कामाची साधनं आहेत. दोघं चिकटतात हे आधीच माहीत असेल आणि कुठे चिकटतात याचा प्रयोगातून थोडा सुगावा असेल, तेव्हा वापर. कोण कोणाशी चिकटतं हे ठरवायला डॉकिंगचा स्कोअर वापरू नकोस. तो कुठल्याही दोन गोल वस्तूंना कुठे तरी बऱ्यापैकी टेकवून दाखवतो.

आता त्या दोन-तीन जागांवर काय बसवायचं? मी तुझ्या जागी असते, तर झाडलेल्या यादीतून तुकड्यांवर टिकलेली एक जोडी घेतली असती. दुसरी, जिच्यामागे स्ट्रिंगच्या भौतिक जाळ्यात जुना प्रयोग आहे पण अल्फाफोल्ड गप्प आहे अशी. तिसरी जागा नव्या जोडीला नाही, पहिल्याच जोडीच्या बिघडवलेल्या रूपाला. सांध्यावर मध्यभागी असलेलं एक मोठं अमिनो आम्ल निवड. ट्रिप्टोफॅन, टायरोसिन किंवा आर्जिनिन सापडलं तर उत्तम, कारण सांध्याची बरीचशी ताकद अनेकदा त्यांच्याकडे असते. त्याचं ॲलानिन कर. मूळ जोडी चिकटली आणि बिघडवलेली सुटली, तर तुझ्या हाती नुसतं ‘चिकटतात’ एवढंच राहणार नाही, कुठे चिकटतात हेही येईल. परीक्षकांना त्यावर बोलायला फार जागा उरत नाही. बिघडवलेलं प्रोटीन नीट घडी घेतंय ना, हे मात्र वेगळं तपासावं लागेल, नाहीतर सगळंच कोसळल्यामुळे सुटलं असं कोणीही म्हणेल.

पद्धत कोणती, ते गाइडकडे काय आहे त्यावर. को-आयपीने (अँटिबॉडीने एक प्रोटीन पकडून सोबत काय येतं ते बघणं) पेशीतलं कळतं, पण मधे तिसरं प्रोटीन दुवा असू शकतं. शुद्ध केलेल्या प्रोटीनांवर आयटीसी (बांधणीतली उष्णता मोजणं) किंवा एसपीआर (पृष्ठभागावरची बांधणी प्रकाशाने मोजणं) केलं तर थेट चिकटणं आणि त्याची ताकद दोन्ही मिळतं, फक्त शुद्धीकरणात महिने जातात. नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या संस्थेत कॅन्सरवर प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम चालतं. गाइडच्या ओळखीतून अशा ठिकाणी विचारून बघ, आणि जाताना चाळीस नावांची यादी नेऊ नकोस. एक जोडी, दोन तुकडे, एक बदल आणि पीएईचा नकाशा, एवढं एका पानावर ने.

त्या पानावर युनिप्रॉट क्रमांक, तुकड्यांची सुरुवात-शेवट, मॉडेलची आवृत्ती, किती सीड चालवले आणि कुठल्या तारखेला, हे सगळं लिहून ठेव. प्रयोगाआधी तुझा अंदाज काय होता तेही त्याच पानावर तारखेसकट लिही आणि गाइडची सही घे. व्हायव्हात ‘पूर्ण लांबीवर ०.४२ होता ना?’ असं कोणी विचारलं तर ते पान पुढे कर.